न जाणतां केलेले उपकार

काष्टी हें अहिल्यानगर जिल्ह्याच्या श्रीगोंदे तालुक्यांतील गांव शनिवारच्या गुरांच्या बाजारासाठीं दूरवर प्रसिद्ध आहे. गेल्या हिवाळ्यांत या बाजारांत दोन घटका घालविण्याचा योग आम्हांस आला. बरोबर आमचे एक जुने विद्यार्थी होते; समुद्रांतील सूक्ष्म जीवांचें संशोधन हा त्यांचा व्यवसाय. एक वृद्ध शेतकरी आपला बैल विकून, पैसे मोजून घेऊन निघाला होता. निघतां निघतां तो परत वळला, आणि बैलाच्या पायांवर हात ठेवून त्यानें तो आपल्या कपाळीं लावला. आमचे विद्यार्थी सहज थट्टेनें म्हणाले, "बाबा, बैलाला काय कळतंय त्यातलं?" म्हातारा म्हणाला, "त्याला नसंल कळत. मला तर कळतंय!"

विद्यार्थी हसले, आम्हांस मात्र हसूं आलें नाहीं. ज्या प्रश्नावर आम्हीं वर्गांत वर्षानुवर्षें व्याख्यानें दिलीं, त्याचा निकाल या गृहस्थानें चालतां चालतां लावून टाकला होता. प्रश्न असा कीं, उपकार करण्याचा हेतु ज्याच्या ठायीं नाहीं, त्याचें ऋण आपणांवर चढतें काय? व्यवहारांत आपण हेतूला फार महत्त्व देतों. वाटसरूच्या धक्क्यानें फांदी हालून आपल्या पुढ्यांत आंबा पडला, तर आपण त्या वाटसरूचे आभार मानीत नाहीं. बैलहि नांगर ओढतो तो जुंपला म्हणून. तरी पोळ्याच्या दिवशीं आपण त्याची पूजा करितों. परंतु बैलाला निदान डोळे आहेत, तो धन्याची हांक ओळखतो. ज्यांस डोळे नाहींत, मेंदु नाहीं, आणि ज्यांस आपण उभ्या जन्मांत पाहत नाहीं, त्यांचें काय? परतीच्या वाटेवर आमच्या विद्यार्थ्यांनीं हा प्रश्न असा थेट समुद्रापर्यंत नेला.

समुद्राच्या एक मिलिलिटर पाण्यांत, म्हणजे वीसेक थेंबांत, सुमारें १० लाख जीवाणु असतात, आणि विषाणु त्यांच्या दसपट. ही नुसती गर्दी नव्हे. गांवगाड्यांतील बलुतेदारांप्रमाणें येथेंहि ज्याचें त्याचें काम ठरलेलें आहे. डायटम नांवाचे एकपेशीय जीव वाळूच्याच द्रव्याची काचेसारखी डबी करून तींत राहतात, आणि मेल्यावर तळाकडे जातांना आपल्या देहांतील कार्बन बरोबर नेतात. ट्रायकोडेस्मियम हवेंतून आलेला नत्र पकडून पाण्याला खत पुरवितो. पेलाजिबॅक्टर पाण्यांत विरघळलेलें सेंद्रिय उष्टें खाऊन संपवितो. विषाणु रोज असंख्य जीवाणु फोडतात, आणि फुटलेल्यांचें द्रव्य इतरांच्या अन्नास येतें. लाट फुटली कीं निळसर प्रकाशणारी नॉक्टिल्युका तर २०२० च्या नोव्हेंबरांत मुंबईकरांनीं जुहूच्या किनाऱ्यावर प्रत्यक्ष पाहिली. या सर्वांत विलक्षण प्रोक्लोरोकॉकस. हा मिलिमीटराच्या हजाराव्या भागाहूनहि लहान आहे, आणि सूर्यप्रकाशावर जगणाऱ्या जीवांत संख्येनें त्याच्या तोडीचा दुसरा नाहीं. तरीहि सॅली चिझम, रॉबर्ट ओल्सन व त्यांचे सहकारी यांनीं १९८८ सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध करीपर्यंत जगाला त्याची ओळख नव्हती. मनुष्य चंद्रावर जाऊन आला त्यास तेव्हां १९ वर्षें होऊन गेलीं होतीं!

पृथ्वीवर होणाऱ्या प्रकाशसंश्लेषणाचा सुमारें निम्मा भाग समुद्रांतील हे जीव करितात. यावरून आपला दर दुसरा श्वास समुद्र देतो, असें म्हणण्याची चाल पडली आहे. पण आमच्या विद्यार्थ्यांनीं आम्हांस या वाक्याविषयीं सावध केलें. समुद्रांत उत्पन्न होणारा प्राणवायु बहुतेक सर्व तेथल्या तेथेंच खर्च होतो. आपण श्वासावाटे घेतों ती फार जुनी ठेव आहे. सुमारें २४० कोटि वर्षांपूर्वीं हवेंत प्राणवायु सांचूं लागला, तो प्रोक्लोरोकॉकसाच्या कुळांतील प्राचीन जीवाणूंमुळें. म्हणजे हें ऋण वाण्याच्या उधारीसारखें नसून पितृऋणासारखें आहे. भेद इतकाच कीं, पितरांनीं निदान पुढील पिढ्यांची चिंता वाहिली असेल; या जीवाणूंचा प्राणवायु हा त्यांचा टाकाऊ माल होता, आणि त्या काळच्या पुष्कळ जीवांस तो विषासमान ठरला असला पाहिजे.

येथें विचारी वाचक आक्षेप घेतील. हेतु नाहीं तो नाहींच. शिवाय हे जीव नेहमीं उपकारच करितात असेंहि नाहीं. आक्षेप खरा आहे. अरबी समुद्रांत सुमारें १५० ते १००० मीटर खोलीच्या दरम्यान प्राणवायु जवळजवळ नसतो. तेथील जीवाणु नायट्रेटावर श्वास चालवितात. त्या व्यापारांत नायट्रस ऑक्साइड हा वायूहि निर्माण होतो, आणि उष्णता अडविण्यांत तो कार्बन डायऑक्साइडाच्या अडीचशें पटींहून अधिक प्रबळ आहे. १९९९ सालीं प्राणवायूचा असाच दुष्काळ आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यांत तीव्रतेनें पडला. गोव्यांत दोना पावला येथें असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे एस. डब्ल्यू. ए. नक्वी व त्यांचे सहकारी यांनीं २००० सालीं त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला, आणि जमिनीवरून वाहून येणारें नत्र हें त्याचें एक संभाव्य कारण म्हणून पुढें मांडलें. मग जे देतात तेच हिरावूनहि घेतात, त्यांस उपकारकर्ते कसें म्हणावें?

आमच्या मतें चूक आहे ती उपकारकर्त्याकडे पाहण्यांत. कृतज्ञ या शब्दाची फोड करून पाहावी. कृत म्हणजे केलेलें, आणि तें जाणणारा तो कृतज्ञ. करणाऱ्याच्या मनांत काय होतें, याविषयीं हा शब्द अवाक्षर काढीत नाहीं. सर्व भार जाणणाऱ्यावर आहे. म्हाताऱ्याचें उत्तर याहून निराळें नव्हतें. आपल्या स्मृतिकारांचीहि दृष्टि अशीच होती. चूल, जातें, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा माठ या पांच ठिकाणीं गृहस्थाच्या हातून नकळत बारीक जीवांची हिंसा होते, असें मानून तिच्या परिहारार्थ त्यांनीं पंचमहायज्ञ सांगितले. न जाणतां केलेला अपकार जर हिशेबीं धरावयाचा, तर न जाणतां झालेला उपकार कोणत्या न्यायानें वगळावा?

आणि कृतघ्न म्हणजे काय? केलेल्याचा घात करणारा. हा शब्द उच्चारतांच प्रश्न पुस्तकांतून उठून काष्टीच्या शिवारांत येतो. या भागांत उसाचे मळे आहेत; उसाला पाणी लागतें, युरिया लागतो. येथील ओढ्यांचें पाणी भीमेस मिळतें. उजनीच्या जलाशयांत तें बरेंचसें अडतें, आणि तेथील पाणी हिरवें कां होतें हें जाणत्यांस सांगावयास नको. पुढें जें जाईल तें कृष्णेवाटे बंगालच्या उपसागरास. त्या उपसागराच्या पोटांतहि प्राणवायूचा तसाच दुष्काळ आहे. मात्र तेथें त्याचा अगदीं अल्प अंश अद्याप शिल्लक आहे, आणि तेवढ्यानेंच नत्र उधळणारे जीवाणु बव्हंशीं आवरलेले आहेत, असें २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनावरून दिसतें. खताची भर वाढत गेली तर हा तोल ढळूं शकेल, अशी त्या संशोधकांची भीति आहे. जीवाणु दुष्ट होणार नाहींत. पूर्वीं ते सज्जनहि नव्हते. आपण जें पाण्यांत लोटूं, त्याप्रमाणें ते वागतील.

यावर कोणी म्हणेल, शेतकऱ्यानें मग खत टाकूंच नये काय? असें आम्ही म्हणत नाहीं. आणि शहराचें सांडपाणी नदींत सोडून शेतकऱ्यास उपदेश करण्याचा अधिकार आम्हां नागरिकांस तर मुळींच नाहीं. त्या म्हाताऱ्यानेंहि बैल विकलाच. गरजेपुढें त्याचा इलाज नव्हता. पण विकतांना आपण काय विकतों आहों, हें तो विसरला नाहीं. कृतज्ञता मनुष्यास उपभोगापासून सर्वस्वीं परावृत्त करीत नाहीं. ती त्याच्या हाताला माप देते. पिकास लागेल तितकेंच खत घालणें, घाण पाणी शुद्ध केल्यावांचून नदींत न सोडणें, हीं कामें कायद्यानें करवितां येतील. परंतु ज्याला आपण कशावर जगतों हें कळलें आहे, त्याच्याकडून तीं कायद्याची वाट न पाहतां होतील.

प्रोक्लोरोकॉकसास यांतलें कांहींएक कळणार नाहीं. आपणांस आतां कळलें आहे, आणि कळल्यानंतर न कळल्यासारखें वागण्याची सोय उरत नाहीं.