वीर कोणास म्हणावे?

पुराणांत, काव्यांत आणि लोकांच्या तोंडी असलेल्या कथांत वीरपुरुष पुष्कळ आढळतात. परंतु त्यांतील बहुतेकांची ओळख त्यांनी कोणाचा वध केला यावरून करून दिली जाते. यावर काही वासनिक मंडळी शंका घेतात : सर्वज्ञांनी अहिंसाधर्म निरूपिला, आणि भगवान श्रीकृष्णांनी तर कंस-शिशुपालांचा वध केला, मग आम्ही वीर कोणास म्हणावे? शंका रास्त आहे. ती टाळून पुढे जाणे उचित नव्हे.

प्रथम साहित्यशास्त्र पाहू. साहित्यदर्पणकार विश्वनाथाने वीराचे चार प्रकार मानले : दानवीर, धर्मवीर, युद्धवीर आणि दयावीर. म्हणजे युद्ध हे चारांतील एकच. धीरोदात्त नायकाच्या लक्षणांतही क्षमाशीलता आणि आत्मप्रौढी न मिरविणे हे गुण सांगितले आहेत.

आता शिशुपालाची कथा घ्यावी. कवीश्वर भास्करभट्ट बोरीकरांच्या काव्याचे नाव ‘शिशुपाळवध’. त्यामुळे वध तेवढा ध्यानात राहतो. परंतु त्या वधापूर्वी शंभर अपराधांची क्षमा आहे. आत्यास दिलेले वचन भगवंतांनी भर सभेत निंदा ऐकत पाळले. चक्र हाती असता शंभरपर्यंत थांबणे, हे एका क्षणात चक्र सोडण्याहून कठीण नव्हे काय? पुढे कुरुक्षेत्रीही त्यांनी शस्त्र न धरण्याचे वचन देऊन सारथ्य पत्करले.

लीळाचरित्रातील ससिकरक्षणाची लीळा सर्वांस ठाऊक आहे. पारध्यांच्या भयाने पळत आलेला ससा स्वामींच्या जानूखाली दडला. पारध्यांनी तो मागितला. स्वामींनी शरणागतास दिले नाही, आणि पारध्यांवर हातही उगारला नाही. हाच दयावीर.

यावर कोणी म्हणेल, ‘ज्यास सामर्थ्य आहे त्याची क्षमा शोभते, दुर्बळाचा संयम ही लाचारीच.’ या आक्षेपात तथ्य आहे. भिऊन गप्प बसणे हे शौर्य नव्हे. परंतु दुर्बळ म्हटल्या जाणाऱ्याच्या हातीही काही सामर्थ्य असते, याचे उदाहरण रायगड जिल्ह्यात धरमतरच्या खाडीपासून जवळच आहे.

पेणकडून धरमतरचा पूल ओलांडून अलिबागच्या वाटेस लागले की पोयनाडच्या परिसरात चरी हे गाव लागते. येथील खारजमिनी बांध घालून समुद्राच्या पाण्यापासून राखणारी कुळे खोतांच्या जाचाने गांजली होती. पीक त्यांच्या कष्टाचे, वाटा मात्र खोताचा मोठा. 1933 साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी संप पुकारला. शस्त्र उचलले नाही. हातातील नांगर खाली ठेवला. शेते पडीक राहिली, चुली विझू लागल्या, लोकांनी रानातील लाकूडफाटा विकून पोट भरले. तरी 1939 पर्यंत ते ढळले नाहीत. मध्यंतरी 1937 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. 1939 साली कूळ कायदा झाला.

यांस वीर म्हणावे की नाही? त्यांच्यापैकी बहुतेकांची नावे कोणत्याही पोवाड्यात नाहीत. तरी आपल्या लेकरांची उपासमार डोळ्यांनी पाहून निश्चय न सोडणे आणि वैऱ्याचा घातही न करणे, यास जे धैर्य लागते ते रणांगणावरील आवेशाहून उणे नाही. आवेश घटकाभराचा असतो. हे धैर्य रोज सकाळी नव्याने धरावे लागते.

तेव्हा मूळ शंकेचे उत्तर असे. ईश्वराची लीळा स्मरावी आणि वचन आचरावे. वध हा ईश्वराचा अधिकार, जीवाने त्याची नक्कल करू नये. जीवापुरती वीराची कसोटी इतकीच : हाती असलेल्या सामर्थ्याने त्याने कोणास राखले, आणि स्वतःस कोठवर आवरले? मुलांस वीरकथा सांगताना किती शत्रू पडले एवढेच न सांगता कोण वाचले हेही सांगावे. ऐकणाऱ्याचे मन त्यावरच घडते.