परवा हसलो, त्याबद्दल

शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर
जूनचा दुसरा आठवडा

चि. भाचीबाई,


परवा गारगोटीत जेवताना तू हळूच म्हणालीस, "टुरिझमला गेले तर?" आणि अख्खी पंगत हसली. दाजी म्हणाले, "म्हणजे काय, झेंडा घेऊन लोकांच्या पुढं चालणार?" त्यावर सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. तू भाकरी मोडत राहिलीस, पुन्हा विषय काढला नाहीस. परतीच्या एसटीत मला ते टोचायला लागलं. फोनवर मला धड बोलता येत नाही (मामीला विचार), म्हणून हे पत्र.

खरं तर मी हसायला नको होतं, कारण हसणाऱ्यांच्या समोर मीही एकदा बसलोय. १९८१ साली मी पॅटर्न शॉपला, म्हणजे ओतकामाच्या साच्यांसाठी लाकडी नमुने करण्याच्या कामाला लागलो, तेव्हा आमच्या गल्लीत कुणी त्याला नोकरी म्हणत नव्हतं. ओतकाम म्हणजे काळं काम. बँकेत चिकटलेला पोरगा शहाणा, भट्टीजवळ जाणारा वाया गेलेला. आज त्याच गल्लीतले लोक "आमच्या कोल्हापूरची फौंड्री" म्हणून छाती काढतात. असो.

पॅटर्नवाल्याची पट्टी तू कधी बघितली नसशील. ती खऱ्या पट्टीपेक्षा किंचित लांब असते. बीड थंड होताना आकसतं, मीटरमागं साधारण दहा मिलिमीटर, म्हणून लाकडी पॅटर्न आधीच तेवढा मोठा करायचा. पोलादाचं आकसणं त्याच्या जवळपास दुप्पट, त्यामुळं त्याची पट्टी वेगळी. हे मला कुणी पुस्तकातून शिकवलं नाही. मिस्त्रींनी पट्टी हातात दिली आणि म्हणाले, "हीच वापर, का ते विचारू नको." मी बरीच वर्षं विचारलं नाही. विचारलं असतं तर चार पावसाळे आधी शहाणा झालो असतो.

पावसाळ्याचं सांगतो, कारण तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला तिथंच सापडलं. एका फौंड्रीत माझ्या पॅटर्नवरचे जॉब ऑगस्टमध्ये धडाधड रिजेक्ट व्हायला लागले. कास्टिंग कापलं की आत पोकळ फोड, ब्लो होल. मोल्डिंगवाल्यांनी बोट माझ्याकडं दाखवलं. मी म्हणालो, वाळू ओली आहे. त्यांच्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं वाळू मुठीत दाबली, उघडली, मोडून बघितली आणि म्हणाला, वाळू बरोबर आहे. तीस वर्षांची मूठ ती, तिच्यापुढं कोण बोलणार? बोलली ती तिथल्या सँड लॅबमधली मुलगी. कागलकडच्या खेड्यातून दुचाकीवर यायची, बी.एस्सी. केमिस्ट्री झालेली. ती दर दोन तासांनी ओलाव्याची नोंद वहीत करायची आणि ती वही कोणी वाचत नव्हतं. मोल्डिंगच्या वाळूत पाणी साधारण तीन-चार टक्के लागतं. कमी पडलं तर साचा ढासळतो. जास्त झालं तर चौदाशे अंशांच्या आसपासचं बीड आत पडताच त्याची वाफ होते आणि ती निघायला जागा शोधते. तिनं दाखवून दिलं, की रात्रपाळीची तापलेली वाळू गार न करता परत वापरली जात होती. मिक्सरपाशी ओलावा बरोबर, मोल्डिंगपर्यंत येईतो एका घमेल्यात कोरडी आणि दुसऱ्यात ओली. मिस्त्रीची मूठही खोटी नव्हती, त्यानं दाबलेलं घमेलं बरोबर होतं एवढंच.

आता मला सांग, हे इंजिनिअरिंग झालं की सायन्स? आणि रिजेक्ट झालेल्या मालाचे पैसे कोणी सोसायचे, यावर पुढं महिनाभर जी हमरीतुमरी झाली, ती कुठल्या शाखेत घालायची? जॉब किलोच्या भावानं घ्यायचा, बिल नव्वद दिवसांनी मिळायचं आणि भट्टीचं वीजबिल मात्र महिन्याच्या महिन्याला. माझं दुकान पॅटर्न चुकल्यामुळं कधी अडचणीत आलं नाही. उधारीनं आलं, दोनदा. त्या काळात युनिव्हर्सिटी रोडवर सायबरच्या फाटकावरून मी रोज सायकल मारत जायचो, आत जायचं सुचलं नाही. बाहेरगावच्या लोकांना सायबर म्हटलं की काँप्युटरचा क्लास वाटतो. ती छत्रपती शाहूंच्या नावाची व्यवसाय शिक्षणाची संस्था आहे, इंग्रजी आद्याक्षरांवरून ते नाव पडलं. डॉ. ए. डी. शिंदे यांनी ती १९७६ मध्ये काढली, तेव्हा काँप्युटरवाला 'सायबर' कोणाच्या तोंडी नव्हता. कॉस्टिंग नावाची गोष्ट तिथं शिकवतात, हे मला दुकानाचं शटर अर्धं खाली आल्यावर कळलं.

आपल्या भागात या शाखांची प्रतवारी कशी ठरली, तेही तुला ठाऊक असावं. १९६२ पर्यंत इथली कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. त्या वर्षी १८ नोव्हेंबरला राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते शिवाजी विद्यापीठाचं उद्घाटन झालं आणि इतिहासाचे अभ्यासक डॉ. आप्पासाहेब पवार पहिले कुलगुरू झाले. सागरमाळावर तेव्हा माळच होता. इंजिनिअर व्हायचं तर सांगलीचं वालचंद, नाहीतर कराडचं सरकारी कॉलेज. जागा मोजक्या, त्यामुळं भाव मोठा. १९८३ मध्ये मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांनी विनाअनुदान कॉलेजांना वाट मोकळी केली. त्यांचं स्वतःचं शिक्षण बेताचंच झालेलं. त्याच वर्षी गोकुळ शिरगावला केआयटी आलं, पाठोपाठ कसबा बावड्यात डी. वाय. पाटील. दहा-पंधरा वर्षांत घरटी एक इंजिनिअर झाला. पण जागा दुर्मिळ असतानाचा तो भाव आईबापांच्या डोक्यातून उतरला नाही. दाजींच्या हसण्यात तो आहे, माझ्याही होता. त्यांना बोल लावू नकोस. त्यांच्या वेळी शाखा चुकली की दुसरी संधी नव्हती.

आणि एक योगायोग ऐक. ग्वाल्हेरची भारतीय पर्यटन आणि प्रवास व्यवस्थापन संस्थाही १९८३ चीच. केंद्र सरकारची आहे, तिची एक शाखा गोव्यात आहे, म्हणजे आपल्यापासून घाट उतरला की झालं. पर्यटनातलं बीबीए आणि एमबीए तिथं होतं. दाजींना ही ओळ वाचून दाखव. 'केंद्र सरकार' हा शब्द त्यांना औषधासारखा लागू पडतो.

तू टुरिझम का म्हणालीस, हे मला पंगतीत कळलं नाही, एसटीत कळलं. गेल्या वर्षी पाटगावला जाऊन आल्यावर तू आठवडाभर मधमाश्यांशिवाय बोलत नव्हतीस. तुझ्याच तालुक्यातलं गाव, मौनी महाराजांचा मठ तिथलाच, आणि त्यांच्याच नावानं तुझ्या गारगोटीत जे. पी. नाईकांनी विद्यापीठ उभं केलं. नाईक आजऱ्याजवळच्या बहिरेवाडीचे, पुढं कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झाले. तर ते पाटगाव आता 'मधाचं गाव' झालंय आणि २०२३ मध्ये पर्यटन मंत्रालयाच्या सर्वोत्तम पर्यटन गावांच्या स्पर्धेत त्याला कांस्य मिळालं. लोक तिथं मध घ्यायला, पेट्या बघायला, रान बघायला जातात. पण मधात ओलावा वीस टक्क्यांच्या वर राहिला की तो आंबतो, हे तुला तिथं कोणी सांगितलं का? रिफ्रॅक्टोमीटर नावाची छोटी नळी असते, काचेवर थेंब ठेवून डोळ्याला लावायची. वाळूतला ओलावा मोजणारी ती कागलची मुलगी आणि मधातला ओलावा मोजणारी कुणी उद्याची मुलगी, यांच्यात मला फार अंतर दिसत नाही. सातेरी माशी कुठल्या महिन्यात कुठल्या फुलावर बसते ते वनस्पतिशास्त्र. बाटलीवर काय लिहायचं आणि भाव किती लावायचा तो धंदा. शनिवार-रविवारी दोनशे गाड्या आल्या तर त्या लावायच्या कुठं आणि कचरा जाणार कुठं, हा प्रश्न कुठल्या विभागाचा, ते तूच सांग.

किरणोत्सवाच्या गर्दीत तर मी हे डोळ्यांनी बघितलंय. अंबाबाईचं देऊळ पश्चिमेकडं तोंड करून आहे. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरून मूर्तीपर्यंत पोचतात. वर्षात या दोनच वेळा का? कॅलेंडर काढ, २१ डिसेंबरवर बोट ठेव आणि दोन्हीकडं मोज. साधारण चाळीस-बेचाळीस दिवस भरतात. सूर्य दक्षिणेकडं जाताना जिथं मावळतो, परत येताना तिथंच मावळतो, एवढीच किल्ली. ज्यांनी ते देऊळ बांधलं, त्यांच्याकडं ना सीईटी होती ना ब्रँच. मी गेलो तेव्हा माझ्या शेजारी एक आजी हात जोडून उभी होती आणि तिच्या शेजारी कॉलेजची पोरं प्रकाश मोजायचं यंत्र घेऊन. ढग आला, धुरकट झालं, वाटेतल्या एखाद्या इमारतीचा कठडा आड आला, की किरण कमरेपर्यंत येऊन विझतो. कोणता अडथळा, किती उंचीचा, हे त्या पोरांनी मोजायचं. तो काढायचा कसा, हे नगररचनेचं. आणि महाद्वार रोडच्या दुकानदारांचं पोट त्या गर्दीवर. आजी पुटपुटली, "आज छातीपर्यंत आली गं." पोरानं वहीत आकडा लिहिला. दोघांचं म्हणणं एकच होतं.

पन्हाळ्याचंही बघ. २०२५ च्या जुलैत युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात तो आहे. राधानगरीचं रान पश्चिम घाटाबरोबर २०१२ मध्येच त्या यादीत गेलं. गवे बघायला येणाऱ्याला शाहू महाराजांनी ते धरण का बांधलं, हे सांगणारं माणूस मात्र शोधावं लागतं.

पण तुला फक्त गोड सांगून भरीला घालणार नाही. हा धंदा पाण्यासारखा आटतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला, कोल्हापूरचा रस्ताच तुटला. लॉजवाले, टॅक्सीवाले, चपलांचे दुकानदार हातावर हात धरून बसले. पुढच्या वर्षी कोरोना, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा पूर. सुरुवातीचा पगार तुझ्या इंजिनिअर भावंडांपेक्षा कमी असेल, आणि दिवाळीत सगळे घरी असताना तू कामावर असशील. तीन भाषा नीट बोलता आल्या पाहिजेत. आपली कोल्हापुरी गावरान बोली त्यात धरलेली नाही, ती तर लागणारच. म्हणून मला वाटतं, तू आधी बी.एस्सी. वनस्पतिशास्त्र करावंस आणि पर्यटनाचं व्यवस्थापन त्यावर चढवावंस. पदवी आता तीन वर्षांनी घेता येते किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स घेता येतं, तेव्हा घाई नाही. विद्यापीठाचं वनस्पती उद्यान तुला आवडेल, मी तिथं फिरायला जातो. हे माझं मत. मी पॅटर्नवाला, आकसणार हे धरूनच माप घेतो. तुझी पट्टी वेगळी असू शकेल.

इंजिनिअरिंगकडंच मन गेलं तरी हरकत नाही, आणि पैशाच्या भीतीनं मागं सरू नकोस. जुलै २०२४ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीतल्या, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे. प्रवेश मात्र कॅप राउंडमधून हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नको. उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढायला सांग, शेवटच्या आठवड्यात तहसीलदार कचेरीत जत्रा असते.

कॉलेज बघायला जाशील तेव्हा फाटक, कारंजं आणि प्लेसमेंटचा फ्लेक्स यांच्या पुढं जा. लॅब उघडायला सांग. यंत्रावर धूळ असेल तर ते यंत्र तपासणीच्या दिवशीच चालतं, हे समजून घे. नोंदवही माग, शेवटची तारीख कुठली आहे बघ. तिथल्याच एखाद्या तिसऱ्या वर्षाच्या पोरीला चहाला घेऊन जा आणि गेल्या आठवड्यात किती तास झाले ते विचार. माहितीपत्रकात जे छापत नाहीत, ते ती पाच मिनिटांत सांगेल.

रविवारी ये. सकाळच्या गाडीनं निघालीस तर दहापर्यंत सीबीएसला पोचशील, मी घ्यायला येतो. दुपारी मामीच्या हातचा तांबडा-पांढरा, मग उद्यमनगरात एका ओळखीच्या फौंड्रीत जाऊ, तिथली सँड लॅब रविवारी निवांत असते. दाजींना मी आज रात्री फोन करतो. हसलो म्हणून आधी माझीच चूक कबूल करीन, मग बाकीचं.

आणि येताना पाटगावच्या मधाची एक बाटली आण. ओळखीतून फुकट मागू नकोस, पैसे देऊन घे आणि बिल माग. लेबलवर काय काय लिहिलंय ते आपण दोघं बसून वाचू.

तुझा,
मामा