बारी

ट्रंक एक्स्चेंजमध्ये हेडसेट लावून माझी सव्वीस वर्षं गेली. नातवंडांना 'लायटनिंग कॉल' म्हणजे काहीतरी चमत्कार वाटतो. चमत्कार कसला, दरपत्रक होतं ते! अर्जंटला ऑर्डिनरीच्या दुप्पट, लायटनिंगला आठपट. लाइन मोकळी झाली की आधी लायटनिंगचं तिकीट, मग अर्जंटचं, उरलं तर ऑर्डिनरी. घाई पैशांनी मोजायची. गरजेचा रकाना तिकिटावर नव्हताच.

एका पावसाळी रात्री एक म्हातारे गृहस्थ काउंटरवर आले. बायको दवाखान्यात, मुलगा मुंबईत, खिशात ऑर्डिनरीपुरते पैसे. त्यांच्या आधी चार तिकिटं होती. मी त्यांचं गुपचूप वर सरकवलं. मुलगा लाइनवर आला, म्हातारा रडला. ते पुण्य मी कित्येक वर्षं मनात जपलं.

मग भाचा इंजिनिअरिंगला गेला. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एर्लांगनं 1909 साली कॉलच्या गर्दीचं गणित मांडलं, हे त्याच्याकडून कळलं. पण मला टोचला तो क्लाइनरॉकचा 1965 चा नियम. चालू कॉल तोडायचा नाही आणि सगळे कॉल साधारण सारख्याच लांबीचे, असं धरलं तर क्रम कसाही लावा, सरासरी ताटकळणं तेवढंच राहतं. एकाचं वाचलं ते दुसऱ्याच्या माथी. माझे आईवडील कर्माबद्दल असंच बोलायचे; भोगल्यावाचून फिटत नाही म्हणायचे.

पंढरपूरच्या दर्शनबारीत उभी असताना हे पुन्हा आठवलं. (बाजूनं कोणी पुढारी आत गेला, की मागच्या बायका काय बोलतात ते इथं लिहिता येणार नाही.) पुंडलिकानं दारात देव आला तरी आईबापांची सेवा मध्येच सोडली नाही, आमच्या भाषेत, चालू कॉल तोडला नाही. पण त्या थांबण्याची किंमत कोणी भरली? ज्याला थांबवलं, त्यानंच. विटेवर उभं राहून, आपखुशीनं.

मी दया केली ती दुसऱ्यांच्या वेळेतून. त्या चौघांना विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर कदाचित चौघंही हो म्हणाले असते. त्यातलं एक तिकीट सोलापूरचं होतं. दोन लायटनिंग मध्ये घुसले, रात्री दीडला त्या माणसानं स्वतःच फोन करून विचारलं, "बाई, अजून किती?" मी म्हटलं, लाइन बिझी आहे. "मग राहू द्या," म्हणाला. मी तिकिटावर 'रद्द' लिहिलं. त्याला कोणाशी काय बोलायचं होतं, कोण जाणे.