मिहो, हे काय लिहिलंय?

स्पॅनिशमध्ये अक्षर सहसा दगा देत नाही. पाच स्वर, पाच उच्चार. 'एच' तेवढा मुका. देवनागरीत वाढलेल्या माणसाला हा सरळपणा ओळखीचा वाटेल. त्यामुळे मेक्सिकोच्या खेड्यातून कॅलिफोर्नियात आलेली, चौथी शिकलेली आई इंग्रजी कागद हातात घेते तेव्हा ती निरक्षर नसते. 'नाइफ' ती 'क्नीफे' असं वाचते, अगदी नियमाला धरून, आणि म्हणूनच फसते. इंग्रजीत 'टफ', 'थ्रू' आणि 'दो' या तिन्ही शब्दांच्या पोटात तीच चार अक्षरं बसलेली असतात आणि तीन निराळे आवाज काढतात. आपल्याकडून शाळेने हे घोकून घेतलं. तिच्याकडून कोण घेणार?

मग हाक जाते. "मिहो, हे काय लिहिलंय?" मिहो म्हणजे माझ्या लेकरा, 'मी इहो' बोलता बोलता झिजून झालेला शब्द. स्वयंपाकघरातल्या टेबलावर विजेची, गॅसची बिलं पडलेली असतात. या घरांत त्यांना 'बिलेस' म्हणतात. शुद्ध स्पॅनिशवाल्यांना ते टोचतं, पण लाइटचं बिल म्हणताना आपण तरी कुठे ओशाळतो?

मुलगा नऊ-दहा वर्षांचा. वाचतो फाडफाड, आणि 'पास्ट ड्यू'पाशी अडतो. 'पास्ट' त्याला इतिहासाच्या तासाला भेटलेला, 'ड्यू' लायब्ररीच्या पुस्तकावर. दोन्ही शब्द येतात, जोडी लागत नाही. आई विचारते, तारीख कोणती आहे? आकडा कुठे आहे? गेल्या महिन्याएवढाच आहे का? तीन प्रश्नांत तिला कळतं की पैसे थकलेत. शब्द त्याने वाचले, पत्र तिने वाचलं. पत्र पाठवणाऱ्याला काय हवं असतं, हे पोराला ठाऊक नसतं. तिला ते कुठल्याही भाषेत ठाऊक असतं. शाळा मात्र वाचनाचे गुण एकट्या मुलाला देते. आईचं नाव 'इंग्रजी येत नाही' या यादीत.

याचं उगाच कौतुक करू नये. आपल्याकडे गावात पोस्टमन पत्र वाचून दाखवायचा, पण तो सायकलवर टांग टाकून निघून जायचा. हा पोरगा भाडं थकल्याचं वाचतो आणि त्याच घरात झोपतो. शिवाय चूक किती महाग पडू शकते? 1980 मध्ये फ्लोरिडात अठरा वर्षांच्या एका मुलाला बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आणलं. घरच्यांनी 'इन्तोक्सिकादो' म्हटलं; क्यूबाकडच्या बोलीत त्याचा अर्थ खाण्यापिण्यातून काही बाधलं. ऐकणाऱ्याने इंग्रजी कानांनी नशा ऐकली. मेंदूतला रक्तस्राव उशिरा कळला आणि हातपाय कायमचे गेले. तिथे बोलणारी मोठी माणसं होती. मग लहान मुलावर ही जबाबदारी कशी टाकायची? आणीबाणी वगळता रुग्णालयांनी मुलांना दुभाषी करू नये, असा केंद्रीय नियम 2016 मध्ये आला, तो योग्यच होता. टेबलावरच्या पत्रांना मात्र असा नियम नसतो. शाळेतल्या पालकभेटीतही अनेकदा मुलगाच दुभाषी असतो. तिथे 'तो वर्गात फार बोलतो' याचा स्पॅनिश अनुवाद आरोपी स्वतःच करतो, आणि तो किती सौम्य होतो हे सांगायला नको.

रिचर्ड रॉड्रिगेझ यांनी या व्यवहाराची दुसरी बाजू मांडली. 'हंगर ऑफ मेमरी' हे त्यांचं आत्मकथन 1982 चं. सॅक्रामेंटोतल्या त्यांच्या घरी शाळेच्या नन आल्या आणि घरातही इंग्रजीच बोला, असं सुचवून गेल्या. आईवडिलांनी लगेच मानलं. मुलाला इंग्रजी आलं, घर गप्प झालं. सार्वजनिक भाषेसाठी ही किंमत मोजावीच लागते, असा निष्कर्ष काढून त्यांनी द्विभाषिक शिक्षणाला विरोध केला. ही किंमत त्यांनी प्रामाणिकपणे सांगितली आहे, त्यात शंका नाही. पण ती अटळ होती, हे मला पटत नाही. जी भाषा येत नाही, तीत आई विचारणार काय? तिचे प्रश्न थांबले की वाचनातला तिचा अर्धा वाटा बुडतो, आणि मुलाच्या हाती नुसते शब्द उरतात.

कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी 1998 मध्ये प्रस्ताव 227 मंजूर करून बहुतेक द्विभाषिक वर्ग मोडीत काढले; साधारण वर्षभर खास इंग्रजी, मग नेहमीचा वर्ग. 2016 मध्ये मतदारांनीच ते बरंचसं मागे घेतलं. एवढ्या काळात एक अख्खी पिढी शाळेबाहेर पडली.

प्रवेशाच्या फॉर्मवर एक रकाना असतो, पालकांच्या शिक्षणाचा. मुलगा 'एज्युकेशन' वाचतो आणि आईला विचारताना जवळचा शब्द उचलतो, 'एदुकासिओन'. स्पॅनिशमध्ये त्यात वळण येतं, थोरामोठ्यांशी बोलण्याची रीत येते, आपण ज्याला संस्कार म्हणतो तेही येतं. आई हात पुसत ताठ होते. "भरपूर," ती म्हणते, "लिही." मुलगा खालचे पर्याय पाहतो. भरपूर असा पर्याय त्यात नसतो. तो 'हायस्कूल पूर्ण नाही' या चौकटीत खूण करतो आणि सहीसाठी कागद तिच्याकडे सरकवतो.