मातीला नाव विचारलं नव्हतं

आजचं वाचन: छांदोग्य उपनिषद, सहावा अध्याय, सुरुवातीचा भाग. श्वेतकेतू आणि त्याचे वडील उद्दालक यांचा संवाद.

गोष्ट तुम्हाला माहीत असेल. श्वेतकेतू बाराव्या वर्षी गुरुगृही जातो आणि चोविसाव्या वर्षी सगळे वेद शिकून परत येतो. येतो तो मात्र ताठ मानेने. आपल्यासारखा विद्वान कोणी नाही असा त्याचा भाव. वडील विचारतात, "बाबा रे, जे कळल्यावर न ऐकलेलंही ऐकलेलं होतं, ते तू गुरुजींना विचारलंस का?" मुलगा गोंधळतो. मग उद्दालक मातीचा दृष्टान्त देतात. मातीचा एक गोळा नीट कळला की मातीचं सगळंच कळलं. घडा, पणती, परळ हे वेगवेगळे वाटतात ते बोलण्यापुरते, नावापुरते. खरी आहे ती माती.

हा भाग मी कॉलेजपासून वाचतोय. मला तो पाठ होता, आणि कळलाय असंही वाटत होतं. गेल्या काही महिन्यांत आईच्या पासपोर्टने तो समज उतरवला.

झालं असं. माझी बहीण जर्मनीत असते, तिला बाळ होणार होतं. आईने जायचं ठरलं. कपाटातून पासपोर्ट काढला तर तो संपून तीन वर्षांच्या वर झालेली. शेंगेन व्हिसाला पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा आणि परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा हवा. म्हणजे आधी पासपोर्ट, मग व्हिसा, आणि बाळ काही कागदांसाठी थांबणार नाही.

मला वाटलं, री-इश्यू तर आहे, ऑनलाइन फॉर्म भरायचा, अपॉइंटमेंट घ्यायची, झालं. फॉर्म भरायला बसलो तेव्हा खरी अडचण दिसली. आईच्या कागदांवर दोन बायका राहत होत्या.

लग्न झालं 1983 साली. आपल्याकडे तेव्हा सर्रास व्हायचं तसं गृहप्रवेशानंतर लक्ष्मीपूजन झालं, ताटात तांदूळ पसरले, बाबांनी अंगठीने नवीन नाव लिहिलं, पेढे वाटले. आडनाव तर बदललंच, पाळण्यातलं नावही बदललं. त्यामुळे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचं नाव. रेशन कार्ड, आधार, पॅन, बँकेचं पासबुक यांवर सासरचं. आणि जुना पासपोर्ट काढताना एजंटने शाळेच्या दाखल्यावरून फॉर्म भरला होता, म्हणून त्यावर पाळण्यातलं नाव आणि सासरचं आडनाव अशी खिचडी. (दोन्ही नावं इथे लिहीत नाही. आईची परवानगी नाही!)

आमच्या धंद्यात याला साधा डेटा मिसमॅच म्हणतात. नाव कधी प्रायमरी की करू नये, हे पहिल्याच वर्षी शिकवतात. पण काउंटरवर माझं ज्ञान चालणार नव्हतं. पहिल्या अपॉइंटमेंटला आम्ही परत आलो. आधारवर एक, जुन्या पासपोर्टवर दुसरं, दोघी एकच आहेत हे सांगणारा कागद कुठे आहे? प्रश्न बरोबर होता. पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर कुठल्या प्रकरणात कोणते कागद लागतात ते विचारून घ्यायची सोय आहे. ती मी आधी पाहिलीच नव्हती. हे माझं चुकलं.

परत येताना रिक्षात मी योजना सांगत होतो. सगळं सासरच्या नावावर आणू. लग्नाची नोंदणी झालेली नाही, ती करून घेऊ. पहिलं नावही बदललंय, म्हणून राजपत्रात नावबदल छापून घेऊ. ते जोडून नवीन पासपोर्ट सासरच्या नावाने. विषय संपला.

आई थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पासपोर्टवर माझं जुनं नाव राहू दे की. तेवढ्या एकाच कागदावर उरलंय."

मी वैतागलेलो होतो. रजा गेली होती, ऑफिसचे फोन येत होते. मी म्हटलं, "अगं आई, नावात काय ठेवलंय? उपनिषदच सांगतं, नाव नुसतं बोलण्यापुरतं. खरी माती."

आईने शांतपणे विचारलं, "असं का? मग तुझं बदलू या?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी येईपर्यंत ती काही बोलली नाही. मीही नाही.

त्या रात्री मी सहावा अध्याय पुन्हा उघडला, खरं सांगायचं तर स्वतःची बाजू बरोबर ठरवायला. आणि इतकी वर्षं नजरेतून सुटलेली एक गोष्ट दिसली. याच अध्यायात ते प्रसिद्ध महावाक्य येतं, ज्यात वडील मुलाला सांगतात की ते सत्य म्हणजे तूच आहेस. एकदा नाही, नऊ वेळा येतं. मध, नद्या, वडाचं फळ, पाण्यात विरघळलेलं मीठ, असे एकेक दृष्टान्त देऊन वडील पुन्हा तिथेच येतात. आणि नऊच्या नऊ वेळा ते मुलाला नावाने हाक मारतात. श्वेतकेतो!

बघा हं. नाव फक्त बोलण्यापुरतं असतं हे शिकवणारा बाप नाव टाकून देत नाही. सर्वांत मोठं सत्य सांगताना तो मुलाच्या नावाचाच हात धरतो, कारण समोरच्यापर्यंत पोचायची वाट तीच आहे. नावाच्या पलीकडे जायचं असतं हे खरं. पण ते ज्याचं त्याने जायचं असतं. दुसऱ्याचं नाव आपण पुसायचं आणि वर त्याला वेदान्त म्हणायचं, हे उद्दालकांनी कुठे शिकवलं? ज्ञान स्वतःच्या अहंकारावर चालवायचं असतं. मी ते आईच्या इच्छेवर चालवलं होतं. बारा वर्षं शिकून ताठ मानेने घरी आलेला श्वेतकेतू मीच होतो.

आपल्या संतांकडे बघा. विष्णुसहस्रनामात हजार नावं, आणि पंढरीच्या त्या एकाला विठ्ठल म्हणा, विठोबा म्हणा, पांडुरंग म्हणा, तो कोणाकडे पुरावा मागत नाही. पण जनाबाई पाहा. स्वतःला नामदेवांची दासी म्हणवणारी, 'मी' उरलाच नाही अशा अवस्थेत बोलणारी. तरी अभंगात तिची नाममुद्रा आहे. अहंकार गेला, पण जनी हे नाव राहिलं. म्हणून तर आज आपण तिला हाक मारू शकतो.

सकाळी मी आईला सॉरी म्हटलं आणि दोन्ही रस्ते कागदावर मांडले. एक, पासपोर्ट सासरच्या नावावर आणायचा. दोन, जुनं नाव ठेवायचं, पण मग आधार, पॅन, बँक, फ्लॅटचे कागद सगळं त्या नावावर न्यायचं. मी म्हटलं, "तू सांगशील ते करू. वेळ लागला तर मी रजा टाकतो."

आईने चष्मा लावून दोन्ही रकाने वाचले. म्हणाली, "पहिलाच कर. नातवंड वाट बघत नाही. मला फक्त कोणीतरी विचारायला हवं होतं. त्या तांदळाच्या ताटापाशीही कोणी विचारलं नव्हतं."

मग धावपळ सुरू झाली. विवाह नोंदणीला तीन साक्षीदार लागतात, लग्न लावलेल्या गुरुजींची सहीही लागते. आमचे गुरुजी केव्हाच देवाघरी गेले होते, त्यासाठी वेगळं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. ट्रंकेतून पिवळी पडलेली लग्नपत्रिका निघाली. साताऱ्याहून मामा साक्षीदार म्हणून आला. कार्यालयाच्या बाकावर त्याने आईला माहेरच्या नावाने हाक मारली आणि आई अशी वळली, जशी आमच्या हाकेला कधी वळलेली मी पाहिली नव्हती. पुढे राजपत्रात जुनं नाव आणि नवं नाव शेजारी शेजारी छापून आलं. तिची दोन्ही नावं एका ओळीत पहिल्यांदाच. आईने त्या पानाची एक प्रत देवघरात ठेवली. मी काही बोललो नाही.

पासपोर्टच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न असतो: तुम्हाला दुसऱ्या कोणत्या नावाने ओळखतात का? तिथे मी थांबलो आणि लॅपटॉप आईकडे सरकवला. तिने एकेक अक्षर शोधून पाळण्यातलं नाव स्वतः टाइप केलं.

पोलीस पडताळणीच्या वेळी गंमत झाली. शेजारच्या काकांना विचारलं, यांना ओळखता का? ते म्हणाले, "वीस वर्षं ओळखतो." नाव काय? काका अडखळले. सगळी सोसायटी तिला काकू म्हणते! पण ओळखीची सही त्यांनी ठामपणे केली. उद्दालकांची माती मला त्या दारात थोडीशी दिसली. ओळख नावाच्या आधीपासून होती.

नवीन पासपोर्ट आला. जुना रद्दचा शिक्का मारून परत मिळाला. आई दोन्ही एकाच पिशवीत ठेवून जर्मनीला गेली, बाळाच्या आधी पोचली. बारशाच्या दिवशी व्हिडिओ कॉलवर तिने नातीच्या कानात नाव सांगितलं. कुठलं ते तुम्ही ओळखलं असेल.

आजचा छोटा संकल्प. आई, आजी, सासूबाई, काकू यांपैकी कोणा एकीला आज विचारा, "तुझं आधीचं नाव काय होतं? ते सोडताना कसं वाटलं?" आणि उत्तर ऐकताना मध्ये वेदान्त आणू नका. जाता जाता घरातल्या ज्येष्ठांचे पासपोर्ट, आधार, पॅन एकदा शेजारी ठेवून नावं जुळतात का तेही बघून घ्या. गरज पडल्यावर वेळ नसतो.

उद्या याच अध्यायातला नद्यांचा दृष्टान्त वाचू. समुद्रात गेल्यावर त्यांना आपण कोण होतो ते आठवत नाही. पण त्या स्वतःहून वाहत जातात, कोणी ढकलत नाही, एवढं आज लक्षात ठेवू.

राम कृष्ण हरी.