सुटलेल्या दोरीचे उत्तरदायित्व

गळ टाकण्याची हौस असलेला एखादा तरुण सामानाच्या दुकानात गेला, तर त्याच्यापुढे आज निदान तीन प्रकारच्या दोऱ्या ठेवल्या जातात. पहिली नायलॉनच्या एकेरी तंतूची. तिला आपल्याकडे तंगूस म्हणतात. दुसरी, पॉलिएथिलीनचे अतिशय बारीक धागे वेणीसारखे गुंफून केलेली. तिसरी फ्लुरोकार्बनची, पाण्यात जवळजवळ न दिसणारी. मग दुकानदार विचारतो, किती किलोची देऊ? हा सारा व्यवहाराचा मामला. त्यात धर्मगुरूने लुडबुड का करावी, असे काही वाचकांस वाटेल. परंतु साधन निवडतानाच माणूस आपल्या कृतीचा बराचसा निकाल लावून टाकीत असतो, असे आमचे मत आहे. पुढे समुद्रावर जे घडते त्यातील पुष्कळसे दुकानाच्या फळीवरच ठरलेले असते.

दोरीचा हा विचार नवा नाही. प्लेटोने ‘सोफिस्ट’ या संवादात व्याख्या कशी करावी हे शिकविण्यासाठी पहिले उदाहरण घेतले ते गळाने मासे धरणाऱ्याचे. आणि त्याच प्लेटोने ‘लॉज’ या ग्रंथात तरुणांना गळाचा व सापळ्यांचा नाद लागू नये, अशी इच्छा व्यक्त केली. माणूस जागा असो वा निजलेला, सापळा आपला पकडतच राहतो, असल्या आळशी शिकारीचा त्याला तिटकारा होता. प्लूटार्कने तर दोरीचे बारकावेच नोंदविले आहेत. दोरीला गाठी फार नसाव्यात, ती जाड व खरखरीत नसावी, केस घ्यावयाचे ते घोड्याचे, घोडीचे नव्हेत, कारण मूत्राने घोडीच्या शेपटीचे केस कमजोर होतात. आणि गळाजवळचा भाग पांढऱ्या केसांचा असावा, म्हणजे पाण्याच्या रंगात तो मिसळून जातो.

आम्हांस अधिक मोलाचा वाटतो तो १४९६ साली इंग्लंडमध्ये छापला गेलेला गळाच्या मासेमारीवरील एक छोटा ग्रंथ. परंपरेने तो जुलियाना बर्नर्स नावाच्या एका मठाधिकारिणीच्या नावावर आहे. तो खरोखर तिचाच की नाही याविषयी विद्वानांत वाद आहे. पण एका जोगिणीने मासे धरण्याचे शास्त्र सांगावे, ही कल्पना लोकांना पाच शतके आवडत आली, हेही काही थोडे नाही. या ग्रंथात कोणत्या माशास किती केसांची दोरी हे मोजून सांगितले आहे. अगदी बारीक मासळीला घोड्याचा एक केस पुरे. ट्राउटला नऊ, मोठ्या ट्राउटला बारा, सामनला पंधरा. आणि त्याच ग्रंथाच्या शेवटी, एका वेळी फार मासे धरण्याचा लोभ नसावा, असेही बजावले आहे. केसांची मोजणी आणि लोभाचा निषेध एकाच पुस्तकात यावेत हा आम्ही योगायोग मानीत नाही. जिला मासा मोजता येतो तिलाच आपली गरजही मोजता येते.

शुभवर्तमानांत मासेमारी पदोपदी आहे, पण ती सारी जाळ्यांची. गळाचा उल्लेख एकदाच येतो, मत्तयाच्या सतराव्या अध्यायात. मंदिराचा कर भरावयाचा आहे. प्रभू येशू पेत्राला समुद्रावर जाऊन गळ टाकण्यास आणि जो मासा प्रथम वर येईल तोच घेण्यास सांगतो. त्याच्या तोंडात सापडणारे नाणे बरोबर दोघांच्या कराइतके आहे. कमी नाही, आणि जास्तही नाही. जाळी फाटण्याची वेळ आणणारा प्रभू येथे एका माशावर थांबतो. पेत्राच्या हातातील दोरी बहुधा जवसाच्या तागाची असावी, आणि ती हरवली असती तरी काही काळाने कुजून गेली असती.

येथे नायलॉनचा प्रवेश होतो. वॉलेस कॅरोदर्स या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने १९३५ साली हा पदार्थ सिद्ध केला आणि १९३८ साली ड्युपाँट कंपनीने तो जगापुढे मांडला. आपल्या किनाऱ्यावर त्याने काय केले हे कोळीवाड्यांतील वृद्धांना विचारावे. पूर्वी सुताची व तागाची जाळी व दोर झाडांच्या सालींच्या काढ्यात पुन्हापुन्हा बुडवावे लागत, उन्हात वाळवावे लागत, आणि तरीही ते कुजत. कुटुंबातील कितीतरी हात त्यात गुंतून पडत. नायलॉनने ही हमाली संपविली. जुने ते सोने म्हणून जे गळा काढतात, त्यांनी ओले जाळे एकदा तरी खांद्यावर वाहून पाहावे. आम्ही नायलॉनवर शाप उच्चारण्यासाठी ही लेखणी उचललेली नाही.

दोरी न दिसणे हा माशाशी केलेला कपटाचार आहे काय, असा एक प्रश्न काही चिंतनशील मंडळी विचारतात. फ्लुरोकार्बनचा वक्रीभवनांक सुमारे १.४२, पाण्याचा १.३३ आणि नायलॉनचा १.५ हून थोडा अधिक. म्हणून ती पाण्यात लपते. पण असत्य म्हणजे मनात एक ठेवून दुसरे बोलणे, अशी संत थॉमस अक्विनासची समजूत. माशाशी आपण बोलतच नाही. तेव्हा हा प्रश्न आम्ही येथेच सोडतो. खरा प्रश्न दिसणाऱ्या आणि न दिसणाऱ्या दोरीचा नसून, हातून सुटलेल्या दोरीचा आहे.

खडकात गळ अडकतो. हिसके देऊन निघत नाही. माणूस सुरी काढतो, दोरी कापतो, दुसरा गळ बांधतो. पूर्वी खाली राहिलेली दोरी कुजून नाहीशी होई. समुद्र माणसाची चूक पोटात घालीत असे. आज ती तेथेच राहते. ती शेकडो वर्षे टिकेल असा अभ्यासकांचा अंदाज आहे. पाणपक्ष्याच्या पायांना ती वेढे घालते, खेकडा तिच्यात गुंततो. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर जाळ्यांच्या तुकड्यांत अडकून पर छिलून निघालेली ऑलिव्ह रिडले कासवे वाहून येतात, ती अनेकांनी पाहिली आहेत. प्लेटोला नकोसा वाटलेला सापळा निदान धन्यासाठी तरी काम करीत होता. ही दोरी कोणासाठीही काम करीत नाही आणि तरीही पकडतच राहते.

आमच्या सेमिनरीतील नीतिशास्त्राच्या तासाला याचे उत्तर तयार होते: दुहेरी परिणामाचा सिद्धांत. कृती मुळात चांगली असावी, वाईट परिणाम हेतूत नसावा, वाईटातून चांगले साधलेले नसावे, आणि दोहोंत योग्य प्रमाण असावे. मासे धरणारा कासवाचे वाईट चिंतीत नाही. म्हणून तो निर्दोष. परंतु हा निवाडा घाईचा आहे. या सिद्धांताचे मूळ ज्या परिच्छेदात शोधले जाते, त्या आत्मसंरक्षणाविषयीच्या विवेचनात संत थॉमसने स्पष्ट म्हटले आहे की, चांगल्या हेतूने केलेले कृत्यही साध्याच्या प्रमाणाबाहेर गेले तर अनुचित ठरते. हेतूने सुटका होते ती प्रमाणाच्या मर्यादेतच. एका संध्याकाळच्या हौसेसाठी किंवा एका कालवणासाठी जी वस्तू आपल्या पणतवंडांपलीकडे टिकणार, ती समुद्रात सोडताना हे प्रमाण कोठे राहिले? पंधरा केसांची मोजणी येथे पुन्हा आठवते.

आंतरराष्ट्रीय कायद्यानेही ही सूक्ष्मता ओळखली आहे. मार्पोल कराराच्या, १९८८ च्या अखेरीस अमलात आलेल्या पाचव्या परिशिष्टानुसार जहाजांवरून प्लास्टिक समुद्रात टाकण्यास बंदी आहे, आणि तीत कृत्रिम धाग्यांचे दोर व जाळीही येतात. अपघाताने हरवलेल्या जाळ्यांना सूट आहे, पण सर्व वाजवी खबरदारी घेतलेली असेल तरच. ‘मुद्दाम केले नाही, फादर’ हे वाक्य कुमसाराच्या खुर्चीवर आमच्या कानी पुष्कळदा येते. त्यापुढचा प्रश्न नेहमी तोच असतो: टाळता आले असते काय?

गळाच्या बाबतीत ते पुष्कळसे टाळता येते. जाणते मच्छीमार मुख्य दोरी मजबूत घेतात, पण गळाला जोडणारा हात-दीड हाताचा तुकडा तिच्याहून कमजोर ठेवतात. मग ताण असह्य झाला की दोरी तुटते ती गळापाशी. दहा वाव तंगूस खाली राहत नाही. शिशाचे वजनही ते वेगळ्या, अधिक कच्च्या दोरीने बांधतात, म्हणजे वजन अडकले तर तेवढेच जाते. आपण कोठे तुटावे हे आधी ठरवून ठेवण्यात केवढी विनयशीलता आहे! उलट, बारीक दोरीवर मोठा मासा धरून दाखविण्याची जी ऐट काही हौशी मंडळींत असते, ती आम्हांस मुळीच मान्य नाही. मासा अर्धा तास झगडून अर्धमेला होतो, आणि बऱ्याचदा तोंडात गळ घेऊन निसटतो. नायलॉन उन्हाने जीर्ण होते, ओले झाले की थोडे दुबळे होते, खडकावर घासून चरे पडतात. म्हणून ते दर खेपेस बोटांतून ओढून तपासावे. गाठ आवळण्यापूर्वी ओली करावी. कोरडी आवळली तर घर्षणाने तंतू पोळतो. वेणीची दोरी बारीक असूनही बलवान, जवळजवळ न ताणणारी आणि उन्हात टिकाऊ. पण ती खडकावर लवकर कापली जाते, म्हणून खडकाळ जागी सबंध तीच वापरणे आम्हांस पसंत नाही.

आता आक्षेप येईल: मोठमोठे ट्रॉलर समुद्राचा तळ खरवडतात, २०१७ साली केंद्र सरकारने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली तरी दिवे लागतातच, आणि तुम्ही गळवाल्या गरिबाला प्रमाणाचे धडे देता? आक्षेपात तथ्य आहे. गरिबांचा आक्रोश आणि धरित्रीचा आक्रोश एकत्रच ऐकावा लागतो, असे पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाऊदातो सी’ या परिपत्रकात आग्रहाने मांडले. ज्याचा ट्रॉलर मोठा त्याचा हिशेबही मोठा, आणि तो मागितला गेलाच पाहिजे. परंतु दुसऱ्याचा हिशेब मोठा निघाला म्हणून आपल्या खात्यातील रक्कम पुसली जात नाही. शिवाय हौसेखातर सुट्टीच्या दिवशी गळ घेऊन जेटीवर बसणारा बहुधा गरीबही नसतो.

अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर, लोक जेथे गळ टाकून बसतात त्या धक्क्यांवर, तुटकी दोरी टाकण्यासाठी प्लास्टिकच्या जाड नळ्या उभ्या केलेल्या आहेत, आणि त्यांत जमलेले नायलॉन वितळवून पुन्हा वापरले जाते. आपल्या धक्क्यांवर तसे एखादे झाकणाचे पिंप ठेवण्यास फारसा खर्च नाही. ते भरल्यावर कोणी रिकामे करावयाचे, हे मात्र पिंप आणण्यापूर्वी ठरवावे लागेल. मच्छीमार सोसायटी आणि धर्मग्रामातील तरुणांनी एकत्र बसून ते ठरविल्यास बरे.