पाणी कुठवर आलं?

पावसाळ्यात नाशिकमध्ये एक प्रश्न हमखास ऐकू येतो: पाणी कुठवर आलं? याचं उत्तर कुणी क्युसेकमध्ये देत नाही. ‘दुतोंड्याच्या कमरेला’, ‘छातीला’, ‘गळ्याशी’ असं सांगतात. रामकुंडाजवळ गोदावरीच्या पात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती ही नाशिककरांची पूरपट्टी आहे. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की काठावरचे दुकानदार त्याच्याकडे बघतात आणि माल वर हलवायचा का ते ठरवतात.

आता दुसरी पट्टी बघू. २०१४ साली ‘टेरी’ या संस्थेने राज्य सरकारसाठी हवामानबदलाचा अभ्यास केला. त्यात कोणता जिल्हा किती असुरक्षित, याचा निर्देशांक काढला होता. अशा अभ्यासात एका जिल्ह्याला एक आकडा आणि नकाशावर एक रंग मिळतो. पण नाशिक जिल्ह्यात इगतपुरी आहे, जिथे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात जातो. आणि त्याच जिल्ह्यात येवला-नांदगावही आहे, जिथे टँकरची वाट बघावी लागते. या दोघांचा रंग एकच. सरासरी खोटी नसते, पण सरासरीत कुणी राहत नाही.

मग जोखमीचं असं मूल्यांकन कामाला आलं की नाही, हे ठरवायचं कसं? भाकीत खरं झालं का ते बघायचं, हे सोपं उत्तर. पण समजा, इशारा ऐकून लोकांनी वेळेत सामान हलवलं आणि काहीच बुडालं नाही. मग लोक म्हणणार, उगाच घाबरवलं. टळलेलं नुकसान कुठल्याच पंचनाम्यात येत नाही. उलट, अहवाल अगदी अचूक ठरला, पण तो वाचून कुणी जागचं हललंच नाही, तर त्या अचूकपणाचं काय करायचं? म्हणून मला दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो: या अहवालामुळे कुणी काय वेगळं केलं?

सप्टेंबर २००८ च्या महापुरानंतर नाशिकमध्ये पूररेषा आखल्या गेल्या. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, दोन रेषांच्या मधे अटी. कागदावर हे स्वच्छ आहे. पण रेषा कुणाच्या तरी प्लॉटमधून जाते, आणि तिथून ती विज्ञानाची न राहता वजनाची गोष्ट होते. टपरी एका दिवसात उठवता येते, इमारत उठवता येत नाही. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला पुन्हा मोठे पूर आले. खरं तर प्रत्येक पूर ही त्या रेषेची परीक्षाच असते. पाणी तिच्या अलीकडे थांबलं की पलीकडे गेलं, हे दर वेळी सगळ्यांसमोर मांडायला हवं.

याचा अर्थ मारुतीवर भागेल असं नाही. पाणी आल्यावरच तो बोलतो. अवकाळी पावसात द्राक्षबाग झोपली तर तो काहीच सांगू शकत नाही. तिथे हवामान केंद्रच लागतं. पण फळपीक विम्यात मंडळाच्या केंद्रावर नोंदलेला पाऊस धरतात. बागेत कोसळला आणि केंद्रावर नाही, तर कागदावर तो पडलेलाच नसतो. म्हणजे विज्ञान हवंच, आणखी जवळ आलेलं हवं. त्यात मारुतीचे दोन गुणही हवेत: तो कुणालाही वाचता येतो, आणि दर पुरात सर्वांदेखत तपासला जातो.

जुनी माणसं प्रवासात दागिन्यांनाही ‘जोखीम’ म्हणायची. ‘अंगावर जोखीम आहे, सांभाळून जा’. म्हणजे जोखमीत धोका असतो, तशी कुणीतरी सोपवलेली मौल्यवान वस्तूही असते. ती मोजणाऱ्याने ती सांभाळण्याचा थोडा भारही उचलायला हवा. अहवाल लिहून झाला की तो भार उतरतो, असं आपण फार सहज धरून चाललो आहोत.

पुढच्या वेळी नदीकाठचा फ्लॅट बघायला गेलात, तर पार्किंग आणि जिमच्या आधी विचारा: निळी रेषा कुठे आहे, आणि मागच्या पुरात पाणी कुठवर आलं होतं?